मडके थापटून घ्यावे

वाचक माउली, १९९४ सालची भाद्रपद वद्य षष्ठी. ज्ञानेश्वरी जयंतीचा दिवस. औसा तालुक्यातल्या एका भूकंपग्रस्त गावात माझे कीर्तन होते. गाव म्हणजे पत्र्याच्या शेडच्या रांगा. जुने गाव पलीकडे दगडमातीचा ढीग होऊन पडलेले. टाळकरी कमी होते, कारण टाळ धरणारे पुष्कळसे हात त्या ढिगाखाली गेले होते. मृदंग शेजारच्या गावाहून मागवला होता.

निरूपणाच्या ओघात मी बोलून गेलो की हे गावाचे संचित होते, ते फळाला आले, त्याला कोण काय करणार. वर्षानुवर्षे असे बोलत आलो होतो. माना डोलल्या. आरती झाली, लोक पाया पडू लागले. त्यांत एक बाई आल्या. पाया पडल्या आणि खाली बसूनच म्हणाल्या, "महाराज, माझं धाकटं सहा महिन्यांचं होतं. त्यानं कधी केलं हो पाप?"

मी म्हणालो, "बाई, मागच्या जन्मीचं असेल."

त्या म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंय का ते?"

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. खरेच विचारत होत्या. माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री शेडमध्ये घोंगडीवर पडल्या पडल्या एकच विचार डोक्यात फिरत राहिला. मी जे बोललो, ते कशाच्या बळावर बोललो?

आज हे लिहितो आहे ते त्या प्रश्नामुळे. एखादी समजूत मनात बाळगण्याजोगी केव्हा असते? एखादी कल्पना जवळ ठेवावी की टाकावी हे कशावरून ठरवायचे? कोणता प्रश्न विचारण्याजोगा असतो आणि कोणता नसतो? हा पंडितांचा विषय आहे असे समजून आपण वारकरी बाजूला बसतो. पण आपल्या संतांनी आणि आपल्या मराठवाड्याच्या मातीने यावर पुष्कळ सांगून ठेवले आहे. ते एकत्र मांडून पाहू.

आधी आपल्या कीर्तनाचीच रीत पाहा. वारकरी कीर्तनात कीर्तनकार एक विधान करतो आणि लगेच संतांचे वचन म्हणतो. टाळकरी ते उचलून धरतात. त्या वचनाला आपण काय म्हणतो? प्रमाण. 'महाराजांनी चांगली प्रमाणे दिली' असे आपण सहज बोलतो. म्हणजे नुसते विधान आपल्या फडावर चालत नाही, त्यामागे आधार लागतो. हा शब्द शास्त्रातून आला आहे. न्यायशास्त्रात प्रमाणे चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नी ओळखला ते अनुमान. माहीत असलेल्या वस्तूच्या सारखेपणावरून नवी वस्तू ओळखली ते उपमान. आणि आप्ताने सांगितले ते शब्द. पण आप्त म्हणजे सोयरा नव्हे. ज्याला ती गोष्ट स्वतः कळली आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त.

आता माझे त्या दिवशीचे विधान या चार चाळण्यांत घाला. त्या बाळाचा मागचा जन्म मी पाहिला नव्हता. कोणत्या खुणेवरून अनुमान केले म्हणावे, तर तीही खूण नव्हती. उपमान नव्हते. राहिला शब्द. पूर्वजन्म आणि कर्म यांविषयी शास्त्रात सांगितले आहे हे खरे. पण या बाळाचे हे पाप आणि त्याचे हे फळ, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. ते मी सांगितले होते. आणि त्या बाबतीत मी आप्त नव्हतो. मोठ्या सिद्धांताच्या आडोशाला उभे राहून मी माझे स्वतःचे बिनप्रमाणाचे वाक्य बोललो होतो.

माउलींनी या बाबतीत किती कडक माप लावले आहे ते अनुभवामृतात पाहावे. तिथे आपला सिद्धांत मांडताना ते सांगतात, त्याचा आशय असा की हे शिवाने किंवा विष्णूने सांगितले एवढ्याच लोभाने मी मानतो असे नाही. त्यांनी सांगितले नसते तरी हे असेच असते. देवाविषयी अनादर तर माउलींच्या ठायी संभवतच नाही. मग हे का म्हटले? कारण खरे हे खरेपणामुळे खरे असते, सांगणाऱ्याच्या मोठेपणामुळे नव्हे. मोठा माणूस आपल्याला खऱ्याजवळ नेतो, म्हणून त्याचा शब्द मोलाचा. ज्या परंपरेचा मुकुटमणी असे बोलतो, त्या परंपरेतल्या कीर्तनकाराने 'असेल मागच्या जन्मीचे' म्हणून हात झटकावेत हे शोभत नाही.

आता आपण तेरला जाऊ. लातूरहून पश्चिमेला, तेरणेच्या काठी, गोरोबाकाकांचे गाव. तिथली मडक्यांची कथा तुम्ही शेकडो वेळा ऐकली असेल. संतमंडळी जमली आहेत. मुक्ताईने थापटणे पाहिले आणि काकांना विचारले, हे कशाला? काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते पाहायला. मुक्ताई म्हणाली, मग आम्हीही मडकीच, आमची परीक्षा करा. काका प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारीत गेले. सगळे शांत बसले. नामदेवराय मात्र रागावले. काकांनी सांगितले, हे मडके कच्चे आहे. मग नामदेवराय औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि पुढचे सर्व झाले.

ही कथा आपण अहंकारावर सांगतो, ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखी एक अर्थ आहे. नामदेवरायांची भक्ती खोटी होती का? मुळीच नाही. देव त्यांच्या हातचे जेवत होता. मग कच्चे काय होते? परीक्षा सोसण्याची तयारी. खरी गोष्टसुद्धा जर तपासणीला भीत असेल, तर ती त्या माणसाजवळ कच्च्या रूपात आहे. तिच्यात पाणी भरून पंढरीची वाट चालता येत नाही. आणि दुसरे असे की काकांनी थापटणे वापरले, घण नव्हे. तपासणे म्हणजे फोडणे नव्हे. ज्याला सगळीच मडकी फोडून दाखवायची आहेत तो कुंभार नाही. न्यायशास्त्राने या दोन वृत्तींना वेगळी नावे दिली आहेत. खरे कळावे म्हणून केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी केलेली तो जल्प. आपले काहीच न मांडता दुसऱ्याचे मोडण्यासाठी केलेली ती वितंडा. आपल्याकडे तिन्हींना सरसकट वाद म्हणतात आणि मग वारकऱ्याने वादात पडू नये असे सांगतात. पडू नये ते वितंडेत.

तेरची आणखी एक गोष्ट पाहा, म्हणजे समजूत पक्की कशी होते ते कळेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी पुस्तकात दक्षिणेतल्या दोन मोठ्या पेठांची नावे आहेत. एक पैठण आणि दुसरी तगर. पैठण सर्वांना माहीत होते. तगर कुठले? कोणी देवगिरी म्हणाले, कोणी जुन्नर म्हणाले. १९०१ साली फ्लीट नावाच्या पंडिताने तगर म्हणजे तेर असे मांडले. पुस्तकात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट सांगितली होती, तिचा मेळ पाहिला. जुन्या लेखांतले नाव पाहिले. पुढे तेरच्या टेकाडांवर उत्खनने झाली. सातवाहन काळाची खापरे, हस्तिदंती मूर्ती, दूरदेशीच्या व्यापाराच्या खुणा निघाल्या. पुस्तक एक सांगत होते, गावाचे नाव तेच सांगत होते, आणि ज्यांनी ते पुस्तक कधी पाहिले नाही अशा कुंभारांची खापरेही तेच सांगत होती. एकमेकांना न भेटलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की समजुतीला वजन येते. एकाच साक्षीदाराचे बोलणे शंभर जणांनी पुन्हा पुन्हा सांगितले म्हणून ते शंभर साक्षीदार होत नाहीत.

हीच गोष्ट नाथमहाराजांनी ग्रंथाच्या बाबतीत केली. ज्ञानेश्वरी सांगितली शके १२१२, म्हणजे १२९० साली. नाथांच्या हाती ती आली तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे उलटली होती. नकला करताना चुका शिरल्या होत्या, कोणी कोणी प्रेमाने आपल्या ओव्याही घातल्या होत्या. नाथांनी प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६, म्हणजे १५८४ साली ग्रंथ शुद्ध केला. त्याचीच जयंती आपण भाद्रपद वद्य षष्ठीला करतो. विचार करा. आपला सर्वात पूज्य ग्रंथ आपल्याला मिळाला तो एका संताने शंका घेतली म्हणून. 'माउलींच्या ग्रंथात चूक कशी असेल?' असे म्हणून नाथ बसले असते तर आज आपण कोणाकोणाच्या ओव्यांना माउली समजून वंदन करीत असतो. नाथांनी शंका माउलींवर घेतली नाही, नकलांवर घेतली. शंका कुठे घ्यावी हे कळणे हाच विवेक. पुढे स्वतःची ओवी त्यात घालणाऱ्याला त्यांनी अमृताच्या ताटात करवंटी ठेवणारा म्हटले आहे. नाथांची ओवी काही वाईट नसती, पण ती माउलींची नसती.

पुढे १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक' पत्रात लिहिले की ज्ञानेश्वरी सांगणारे ज्ञानेश्वर आणि अभंग रचणारे ज्ञानदेव हे दोन वेगळे पुरुष असावेत. वारकऱ्यांत खळबळ उडाली. उत्तरे लिहिली गेली. आज संप्रदाय आणि बहुतेक अभ्यासक दोघे एकच मानतात. मग तो प्रश्न वाया गेला का? नाही. त्या प्रश्नापायी ओवीची भाषा आणि अभंगाची भाषा शेजारी ठेवून पाहिली गेली, तोंडी अभंगांची भाषा काळाबरोबर कशी बदलते हे लोकांच्या ध्यानात आले. ज्याचे उत्तर 'नाही' आले तोही प्रश्न मोलाचा असू शकतो.

आता नांदेड. गोदावरीच्या काठी १७०८ साली श्रीगुरू गोविंदसिंगांनी देह ठेवण्यापूर्वी ग्रंथालाच गुरुपद दिले. त्या ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. आदिग्रंथ सिद्ध झाला १६०४ साली, नाथांच्या ज्ञानेश्वरी शुद्धीनंतर वीस वर्षांनी. नामदेवरायांच्या गाथेत पुढच्या काळातल्या विष्णुदास नामा यांचे अभंग मिसळले आहेत हे अभ्यासकांनी दाखवले आहे. मीसुद्धा कितीतरी वर्षे शेवटी 'नामा' आला की डोळे झाकून नामदेवरायांचे प्रमाण म्हणून गात आलो. पंजाबात जपलेली ती पदे आपल्या गाथेच्या नकलांपासून दूर, वेगळ्या हातांनी, वेगळ्या लिपीत राखली गेली. तो एक वेगळा साक्षीदार आहे. जो विठ्ठल तिथे भेटतो तो आपल्या गाथेतलाच आहे हे पाहून जो आनंद होतो, तो नुसत्या ऐकीव मानण्यात नाही.

याच नांदेडात नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) होते. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, बुद्धिवादी म्हणून प्रसिद्ध. त्यांची सगळी मते आपल्याला पटणार नाहीत. पण ज्या मनुस्मृतीला त्यांचा विरोध होता तीही ते मुळातून वाचून मग बोलत. विरोधकाचा ग्रंथ वाचण्याएवढे कष्ट आपण आपला ग्रंथ वाचण्यासाठी तरी घेतो का, हे प्रत्येकाने आपल्याशी पाहावे.

आता पुन्हा किल्लारीकडे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती पोहोचवून लोक उशिरा झोपले होते. काही क्षणांत लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली.

त्या वेळी चुकीची समजूत एकट्या अडाणी माणसाची नव्हती. दख्खनचे पठार म्हणजे जुना, घट्ट, न हलणारा पाषाण, असे जाणकारही मानत. देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९६७ साली कोयनेला भूकंप झाला, तरी आपल्याकडची समजूत तशीच राहिली. १९९२ साली किल्लारीच्या परिसरात लहान लहान धक्के बसले, जमिनीतून आवाज आले. लोक घाबरले, मग धक्के थांबले, मग विसरले. धूर दिसला होता, अग्नीचे अनुमान झाले नाही. पण पुढचेही सांगितले पाहिजे. भूकंपानंतर हैदराबादच्या भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीजवळ जमिनीत खोल छिद्र घेतले. काळ्या पाषाणाचा थर सुमारे ३४० मीटर आहे आणि त्याखाली फार जुना खडक आहे हे पाहिले. माकणीच्या धरणाच्या पाण्याचा संबंध आहे का, हाही प्रश्न विचारला गेला, त्यावर मतभेद राहिले. आणि २००२ साली नकाशा बदलला. पहिला विभाग काढूनच टाकला आणि लातूर परिसर तिसऱ्या विभागात गेला. त्या शास्त्रज्ञांची आधीची समजूत चुकली होती, पण ती प्रत्यक्षापुढे वाकली. जी समजूत कोणत्याही प्रत्यक्षापुढे वाकायला तयार नसते तिला आपण कधीकधी श्रद्धा म्हणतो. ती श्रद्धा नव्हे. तो नामदेवरायांचा तेरचा राग आहे.

आता घरांचे पाहा. आपल्या भागातली जुनी घरे तुम्हाला ठाऊक आहेत. दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, मातीत रचलेल्या. वर लाकडी खण आणि त्यावर मातीचे माळवद. माळवद गळू लागले की गावच्या पांढरीची माती आणून वर पसरायची. 'पांढरी माती टाकली की गळत नाही' ही समजूत खरी होती, पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाची होती. पण दर दोन-चार वर्षांनी एक थर वाढत गेला आणि छताचे वजन किती झाले हा प्रश्न कोणी विचारला नाही. भिंतीची बाहेरची बाजू आणि आतली बाजू यांना सांधणारा आरपार लांब दगड घालायचा, हेही सुटत गेले. धक्का बसताच भिंतीच्या दोन्ही बाजू फुगून सुटल्या आणि माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब उभे राहिले आणि भिंती गेल्या. कुडाच्या, गवताच्या झोपड्या वाचल्या, चिरेबंद म्हणवणारे वाडे बसले. खरी समजूतसुद्धा अपुरी असली आणि तिच्या शेजारचा प्रश्न विचारला गेला नाही, तर जीव घेते.

त्या दिवसांत गावोगाव दोन प्रश्न फिरत होते. एक, 'कोणाच्या पापामुळे झाले?' दुसरा, 'भिंती का पडल्या?' शास्त्रात निरुपयोगी चौकशीला काकदंतपरीक्षा म्हणतात, म्हणजे कावळ्याला दात किती याचा शोध. न्यायशास्त्राने संशयाच्या पाठोपाठ प्रयोजन सांगितले आहे ते यासाठीच. पहिला प्रश्न तपासायला कोणतेच प्रमाण हाती नव्हते. आणि त्याचे काहीही उत्तर आले तरी त्याने एकाच गोष्टीची सोय होत होती. मेलेल्याला दोषी ठरवून जिवंताने मोकळे व्हायचे. तो कावळ्याच्या दातांहूनही वाईट, कारण त्याने दुखावलेल्याला आणखी दुखावले. दुसरा प्रश्न कोरडा वाटतो. पण त्याचे उत्तर पाहून, मोजून मिळत होते. त्यातून आरपार दगड, दारांवरून भिंतभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा, हलके छत ही रीत आली. पुढच्या कोणाचे तरी लेकरू त्या उत्तराने वाचेल. सांगा, यातला भूतदयेचा प्रश्न कोणता?

मग प्रारब्ध ही कल्पना टाकून द्यायची का? मी तसे म्हणत नाही. माझ्या घरी दुःख आले तेव्हा मी स्वतःशी प्रारब्ध म्हटले आणि त्या शब्दाने मला उभे राहता आले. पण तोच शब्द मी दुसऱ्याच्या दुःखावर ठेवला तेव्हा तो दगड झाला. शब्द एकच. स्वतःसाठी उचलला तर काठी, दुसऱ्यावर टाकला तर ओझे. कल्पनेचे मोल पाहायचे ते तिने काय दिसते आणि काय झाकले जाते यावरून. 'वैष्णव' म्हटले की समोरचा माणूस दिसू लागतो. 'विटाळ' म्हटले की तोच झाकला जातो. 'गावाचे संचित' या माझ्या शब्दांनी सहा महिन्यांचे ते बाळ झाकले गेले होते. त्याच्या आईने ते पुन्हा माझ्यासमोर आणून ठेवले.

वाचकहो, यावर कोणी विचारील की मग विठ्ठलालाही प्रमाण मागणार का? आईच्या प्रेमाचे प्रमाण मूल मागत नाही, मीही मागत नाही. पण आईवर प्रेम आहे म्हणून शेजाऱ्याविषयी काहीही बोलण्याची मुभा मिळत नाही. देवावरची निष्ठा ही माझ्या जगण्याची गोष्ट आहे. जगाविषयी, ग्रंथाविषयी, दुसऱ्याच्या दुःखाच्या कारणाविषयी मी जे बोलतो, ते मात्र थापटणे सोसणारे असले पाहिजे. आणि प्रमाण नसेल तेव्हा गप्प बसणे ही भक्तीतली उणीव नाही.

पुढे काही वर्षांनी त्याच गावच्या नव्या वसाहतीत सप्ताहाला गेलो. रुंद रस्ते, ओळीने बांधलेली घरे, मध्ये मंदिर. त्या बाई काल्याच्या दिवशी भेटल्या. मी ओळखले. म्हणालो, "बाई, त्या वेळी तुम्ही विचारलं होतं. मला माहीत नव्हतं. तरी मी बोललो."

त्या थोडा वेळ थांबल्या. म्हणाल्या, "मग तसंच म्हणायचं होतं, महाराज. आम्हीबी तेवढंच म्हणत होतो, की कुणालाच माहीत नाही." आणि काल्याचा प्रसाद माझ्या हातावर ठेवून पुढे गेल्या.

तेव्हापासून कीर्तनात एखादे विधान ओठांवर आले की आधी त्या बाईंचे शब्द आठवत. तुम्हीही आषाढी-कार्तिकीला चालताना, पारावर बसताना, लेकरांना काही सांगताना आपले मडके एकदा थापटून घ्या. पक्के असेल तर त्यातले पाणी दुसऱ्यालाही पाजता येईल. कच्चे निघाले तर रागावू नका. नामदेवरायांचेही निघाले होते, आणि त्यांची पुढची वाट तिथूनच सुरू झाली.

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल.